मुलूख गेला, सर्किट राहिले

चित्रपटाच्या व्यापाराने हिंदुस्थानचा एक स्वतंत्र नकाशा फार पूर्वी आखून ठेवला असून, संस्थाने विलीन झाली, प्रांत मोडले आणि भाषावार राज्ये उभी राहिली, तरी त्या नकाशावरील रेषा पुसण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. या नकाशात महाराष्ट्र नावाचा प्रदेशच नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि कोकण ही सारी 'बॉम्बे' नामक सर्किटात मोडतात आणि त्यांच्या पंक्तीला गुजरातही बसतो. विदर्भ हा 'सी. पी. बेरार' या, राजकीय भूगोलातून केव्हाच नाहीशा झालेल्या प्रांताचा रहिवासी आहे. आणि छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड हा सगळा मराठवाड्याचा मुलूख तेलंगणाच्या जोडीने 'निजाम' या सदराखाली लिहिला जातो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पण हैदराबादच्या गादीचा एवढा एक अवशेष वितरकांच्या खतावणीत सुखरूप राहिला.

हा केवळ गमतीचा तपशील आहे असे मला वाटत नाही. स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्यांच्या त्यागाचा इतिहास सांगतो. कोणी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, कोणी बायकोचे दागिने मोडले, कोणी राहते घर तारण ठेवले, कोणी शेत विकले, या कथा आपल्याला तोंडपाठ असतात, आणि त्या खऱ्याही आहेत. परंतु या शंभराहून अधिक वर्षांच्या दप्तरातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते: चित्रपट काढण्यापुरता पैसा हट्टी माणसाला कसाबसा मिळतोच, खरा प्रश्न तयार चित्रपट प्रेक्षकापर्यंत जावा कोणत्या वाटेने आणि प्रेक्षकाने गल्ल्यात टाकलेला पैसा निर्मात्याकडे परत यावा कोणत्या वाटेने, हा आहे. ज्यांना ही वाट सापडली, ते दुसरा चित्रपट काढू शकले. ज्यांना ती सापडली नाही, त्यांच्या नावावर एक उत्कृष्ट चित्रपट आणि एक दीर्घ कर्ज राहिले. हा धडा मुंबईच्या गिरगावात बसून जेवढा कळतो त्याहून अधिक स्पष्टपणे तो औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, कळतो, कारण हे शहर नेहमीच त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला राहिलेले आहे.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणि यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आपली विम्याची पॉलिसी तारण ठेवली, आणि परत आल्यावर भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून एका रोपट्याची वाढ कॅमेऱ्याने टिपून दाखविली. सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत, धुलाईला हातभार लावीत आणि त्याच हातांनी साऱ्या मंडळीच्या जेवणाची व्यवस्था पाहत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, इथवरचा भाग शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. हा चित्रपट सुरतेस लावला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात अवघे तीन रुपये पडले, असे सांगतात. कारण तेथील लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारे नाटक पाहण्याची सवय होती आणि तासाभराच्या मूक चित्रासाठी तीन आणे मोजणे त्यांना न परवडणारे नव्हे, तर न पटणारे होते. थिएटरवाल्याने चित्रपट लांबवा म्हणून सुचविले. फाळक्यांनी चित्रपट लांबविला नाही. त्यांनी जाहिरात बदलली, आणि सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीची, अवघ्या तीन आण्यांत, असा मजकूर छापून आणला. गल्ला वाढला. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिचे मर्म असे की भारतीय चित्रपटाच्या जनकाला कॅमेऱ्यापाठोपाठ जी विद्या शिकावी लागली ती गावोगावच्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाची होती.

त्याच फाळक्यांनी १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली आणि थोड्याच काळात त्या भागीदारांशी बेबनाव होऊन ते काशीस निघून गेले, नाटक लिहीत बसले आणि काही वर्षांनी परत आले. 'लंकादहन' या आपल्या चित्रपटाच्या वेळी गल्ल्याची नाणी बैलगाडीतून वाहून न्यावी लागत, अशी ख्याती असलेल्या माणसाची ही अवस्था! एकट्याने चालविलेला धंदा भांडवलाअभावी गुदमरतो आणि भांडवल घेतले की त्यासोबत भांडवलदाराचे मतही घ्यावे लागते, हा पेच पुढच्या प्रत्येक पिढीला नव्याने पडला. तो कोणी सोडविला असेल तर फार थोड्यांनी.

आता नाशिकहून पूर्वेकडे वळू. मनमाडला मोठी गाडी सोडून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मीटर गेज गाडीत बसावे लागे; शतकाच्या आरंभी चालू झालेल्या या लोहमार्गाने औरंगाबादला जाणारी प्रत्येक वस्तू मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवली जाई. पुढे निजामाची सरहद्द. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरील जकात. सरहद्दीपलीकडे नाणेही निराळे: हाली शिक्क्याचे सात रुपये दिले म्हणजे ढोबळमानाने इंग्रजी अंमलातील सहा कलदार मिळत. कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू, सार्वजनिक सभेला सरकारी परवानगी, आणि परवानगीचे अर्ज पन्नास-साठ कोसांवर नव्हे, तर दूर हैदराबादेत निकालात निघायचे. चित्रपटाच्या रिळांची पेटी नाशिक-मुंबईहून या मुलखात यायची तर तिला रेल्वेचा गेज, जकात, नाण्याचा बट्टा आणि अंमलदाराची मर्जी एवढे अडसर ओलांडावे लागत. मूकपटाला निदान भाषेचा अडसर नव्हता.

या संस्थानात चित्रपट काढण्याचा प्रयत्नच झाला नाही असे मात्र नाही, आणि जो झाला तो शिकण्यासारखा आहे. धीरेंद्रनाथ गांगुली हे बंगाली चित्रकार हैदराबादच्या कलाशाळेत शिक्षक होते. कलकत्त्यास जाऊन 'बिलेत फेरत' हा गाजलेला मूकपट केल्यानंतर त्यांनी १९२२ च्या सुमारास निजामाच्या छत्राखाली हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, काही चित्रपट केले, थिएटरेही चालविली. १९२४ मध्ये त्यांनी 'रझिया बेगम' दाखविला. त्याचा विषय दरबाराला रुचला नाही, हुकूम सुटला आणि गांगुलींना संस्थान सोडावे लागले. कर्जबाजारी निर्मात्यावर निदान दिवाणी दावा होतो, सुनावणी होते, तारीख पडते. आश्रयदात्याच्या नाराजीला तारीख नसते.

कोल्हापूरशी तुलना केली म्हणजे हा फरक नजरेत भरतो. तेथेही संस्थानच होते, पण दरबार मराठी होता आणि शाहू छत्रपतींच्या आश्रयाने गायक, मल्ल, चित्रकार यांची एक वसाहतच तेथे जमलेली होती. बाबूराव पेंटर यांनी तानीबाई कागलकर या गायिकेच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेरा आपले शिष्य दामले यांच्या साहाय्याने कारखान्यातच घडविला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरात लावला. त्यांचेच शिष्य, शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर, यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात काढली. प्रभातच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या व्यापाराविषयी कमी. बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्समुळे तिच्या चित्रपटांना वितरणाची खात्रीची वाट होती, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून तिने एकाच सेटवर, एकाच खर्चात मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढण्याचा पायंडा पाडला. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी' या जोड्या कलात्मक हौसेतून नव्हे, तर मराठी बोलणाऱ्यांचा मुलूख चित्रपटाचा खर्च भरून काढण्यास अपुरा पडतो या रोकड्या जाणिवेतून जन्मल्या. ज्या शहरात कचेरी उर्दू आणि घर मराठी, त्या औरंगाबादेला यांपैकी कोणतीही आवृत्ती परकी वाटली नसणार.

मग युद्ध आले. १९४३ मध्ये कच्च्या फिल्मवर नियंत्रण बसले, चित्रपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा पडली, आणि युद्धातील नफ्याचा काळा पैसा स्टुडिओबाहेरच्या नवख्या निर्मात्यांमार्फत धंद्यात शिरला. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या दुखण्याचे निदान केले आणि चित्रपटांना कर्ज देणाऱ्या महामंडळाची शिफारस केली. सरकारी घड्याळानुसार ते महामंडळ १९६० मध्ये अस्तित्वात आले. तोवर १९५३ मध्ये प्रभातला टाळे लागले होते. त्याच १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' आला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संस्था बुडत होती आणि एकटा माणूस सुवर्णपदक मिळवीत होता. पुढल्या सत्तर वर्षांच्या मराठी चित्रपटाची प्रकृती या एका वर्षात दिसते.

येथे वितरणाची रीत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही उमगत नाही. निर्माता आपला चित्रपट एक तर सर्किटवार विकून टाकी, किंवा वितरकाकडून 'मिनिमम गॅरंटी' म्हणजे ठराविक हमी रक्कम उचले, किंवा, त्याची बाजारात पत नसेल तर, नुसत्या कमिशनवर देऊन स्वतःच धोका पत्करी. थिएटरचा मालक आठवड्याचे भाडे आधी कापून घेई. त्यातून करमणूक कर, त्यातून जाहिरात, त्यातून प्रिंटचा खर्च, त्यातून वितरकाचे कमिशन. या सर्वांना वाट देऊन जे उरेल ते निर्मात्याचे. प्रिंट महाग, म्हणून त्या थोड्या काढायच्या. त्या आधी मुंबई-पुण्यात चालायच्या आणि रेघोट्यांनी भरल्यावर 'ब' आणि 'क' केंद्रांकडे निघायच्या, आणि तेथून तंबूच्या सिनेमाबरोबर जत्रांकडे. मराठवाडा या रांगेत बराच मागे उभा असे. हिमरू विणणाऱ्या कारागिराला शालीच्या अंतिम किमतीचा पत्ता नसतो, तसा स्वतंत्र निर्मात्यालाही मोफसलच्या गल्ल्याचा हिशेब क्वचितच नीट कळे. कळला तरी तो वसूल करायला लागणारा प्रवासखर्च हिशेबाहून जड जाई.

१९७१ मध्ये दादा कोंडके यांना दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या' लावण्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांचे साहाय्य घ्यावे लागले, कारण तेथे हिंदी चित्रपट लावण्याचे घाटत होते. तो प्रसंग विनोदाने सांगितला जातो. पण ज्याच्या पाठीशी असे साहाय्य नसेल त्याने काय करावे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर त्या वेळीही कोणी दिले नाही.

रामदास फुटाणे यांचे उदाहरण मला या सर्वांत मोलाचे वाटते. नगर जिल्ह्यातील जामखेडचा हा गृहस्थ, पेशाने चित्रकला शिक्षक, अंगी कविता आणि मिस्किलपणा, विजय तेंडुलकरांकडून पटकथा लिहवून घेतो, जब्बार पटेल यांच्या हाती दिग्दर्शन सोपवितो, निळू फुले आणि श्रीराम लागू यांना समोरासमोर उभे करतो, आणि साखर कारखान्याच्या सत्तेवरचा 'सामना' तयार होतो. (फाळके कलाशाळेचे, पेंटर तर नावानेच पेंटर, गांगुली आणि फुटाणे ड्रॉइंग मास्तर, हिशेबात कच्च्या मानल्या गेलेल्या या जमातीने एवढा खर्चिक धंदा अंगावर घ्यावा, यात काहीतरी न्याय असलाच पाहिजे.) 'सामना'चे प्रथमदर्शनी स्वागत थंड झाले. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला, आणि बर्लिनला गेलेला चित्रपट म्हणून आपल्याच लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिले. गावच्या राजकारणावरील चित्रपटाला गावाची वाट बर्लिनहून सापडावी, हे त्या वितरणव्यवस्थेचे प्रमाणपत्रच होय.

बर्लिनचा संबंध एवढ्यावर संपत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था स्थापून, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज काढून, १९७६ मध्ये 'घाशीराम कोतवाल' केला. त्याच साली गुजरातेत पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून 'मंथन' उभा राहिला. दोन्ही प्रयोग सहकाराचे. पण 'मंथन'चे भागीदारच त्याचे प्रेक्षक होते, ते ट्रकमधून तालुक्याला येऊन आपला चित्रपट पाहत. 'घाशीराम'च्या भागीदारांना एकमेकांशिवाय प्रेक्षक नव्हते, आणि आज तो चित्रपट पाहता येतो तो मुख्यतः बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने आपल्याकडील प्रत जतन केल्यामुळे. सहकारी साखर कारखान्यांनी गजबजलेल्या महाराष्ट्रात चित्रपटाचा असा सहकार पुन्हा का झाला नाही, याचे मला नवल वाटत आले आहे. कदाचित 'सामना'नंतर कारखानदारांना चित्रपटवाल्यांची धास्ती वाटू लागली असेल.

सरकारने आपल्या परीने केले नाही असे नाही. १९७५ पासून मराठी चित्रपटाला करमणूक कराचा परतावा मिळू लागला, अट अशी की निर्मात्याने पुढला चित्रपट काढावा. योजना चांगल्या हेतूची होती. तथापि परतावा गल्ल्याच्या प्रमाणात मिळत असल्याने ज्याचा चित्रपट चालला त्याला अधिक मिळे आणि ज्याचा चालला नाही, म्हणजे ज्याला गरज होती, त्याच्या पदरात काही पडत नसे. पुढे दर्जा ठरवून अनुदान देण्याची पद्धत आली, तीत दर्जा ठरविणाऱ्यांची मर्जी आली. आश्रयाचा प्रश्न अशा रीतीने हैदराबादच्या दरबारातून मंत्रालयाच्या फायलीत दाखल झाला.

याच सुमारास औरंगाबादेत एक निराळे भांडवल साठत होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि सत्तरच्या दशकात कमलाकर सोनटक्के यांच्या पुढाकाराने तेथे नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. त्या वातावरणातून 'जिगीषा' ही संस्था निघाली, चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी निघाले, आणि काही वर्षांतच मुंबईस गेले. 'बिनधास्त' हा कुलकर्णींचा चित्रपट १९९९ चा, आणि तो मुंबईच्या व्यवसायातला. अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्याला शेती करणारे ना. धों. महानोर 'जैत रे जैत'पासून चित्रपटांना गाणी देत राहिले, त्यांच्या अजिंठ्यावरील दीर्घ काव्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट केला. म्हणजे विषय येथला, शब्द येथले, भांडवल आणि धंदा मात्र सह्याद्रीपलीकडचा. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. जेथे हिशेब होतो तेथे माणूस जातो, आणि हिशेब मुंबईत होत होता.

२००४ मध्ये 'श्वास' आला. संदीप सावंत यांच्या या अल्पखर्ची चित्रपटाने अरुण नलावडे यांच्यासारख्या मित्रमंडळींच्या बळावर उभे राहून पन्नास वर्षांनंतर सुवर्णकमळ मराठीत आणले आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याला अमेरिकेला जाता यावे यासाठी सामान्य लोकांनी वर्गणी काढली. त्यानंतर परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हेही भारताची प्रवेशिका ठरले. मोकाशींनी फाळक्यांवर चित्रपट काढण्यासाठी आपले घर गहाण ठेवले, यापेक्षा चोख चरित्रलेखन ते कोणते! तिन्ही चित्रपट बड्या बॅनरबाहेरचे. पुढे कॅमेरा डिजिटल झाला, प्रिंटचा खर्च गेला, आणि निर्मिती स्वस्त झाल्यामुळे दर शुक्रवारी दोन-दोन, तीन-तीन मराठी चित्रपट एकमेकांच्या अंगावर येऊन आदळू लागले. पडदे मात्र घटले. औरंगाबादेतील जुनी एकपडदा थिएटरे मागे पडली आणि मॉलमधील मल्टिप्लेक्सकडे खेळांच्या वेळा वाटण्याचा अधिकार गेला. २०१५ मध्ये सरकारने मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्याचा हुकूम काढला, त्यावर वादळ उठले, वेळेची व्याख्या सैल करण्यात आली.

आज छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. एमजीएमच्या रुक्मिणी सभागृहात उद्घाटन होते, प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर देशोदेशीचे चित्रपट लागतात, पद्मपाणी सन्मान दिला जातो, २०२५ मध्ये तो सई परांजपे यांना मिळाला. ज्या शहराला रेघोट्यांनी भरलेली प्रिंट मिळे त्याला आता पहिल्या हाताचे चित्रपट मिळतात, ही लहान गोष्ट नव्हे, आणि ती मुंबईकरांनी नव्हे तर येथल्या माणसांनी व संस्थांनी घडविली. परंतु महोत्सवाचे दिवस सरले की पुढल्या शुक्रवारी त्याच पडद्यावर त्याच जातीच्या चित्रपटाला सकाळचा एखादा खेळ मिळाला तरी नशीब, अशी स्थिती असते. महोत्सवाने प्रेक्षक तयार होतो; खिडकीवर तिकीट काढून येणारा प्रेक्षक तयार व्हायला तिकीटखिडकी उघडी असावी लागते.

भाऊराव कऱ्हाडे यांनी आपली शेतजमीन विकून 'ख्वाडा' काढला. धनगराच्या भटकंतीवरील या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला, मग २०१८ मध्ये 'बबन' आला. म्हणजे या गृहस्थाला आरंभी सांगितलेली ती वाट सापडली असे वाटण्याजोगी परिस्थिती होती. २८ एप्रिल २०२३ रोजी त्यांचा 'टीडीएम' प्रदर्शित झाला. थिएटरांत खेळच मिळेनात. प्रेक्षकांसमोर बोलताना दिग्दर्शकाला आणि कलावंतांना रडू कोसळले, चित्रपट मागे घेण्यात आला, आणि ९ जूनला तो पुन्हा पहिल्यापासून लावण्यात आला.